जाहिरातीतला एसएलआर आणि आमची तक्रार

माझ्या पुतणीनं शिकवण्यांच्या पैशातून ऑनलाइन एक फिल्म कॅमेरा घेतला. जाहिरात होती: ‘३५ एमएम व्हिंटेज एसएलआर, ५० एमएम काचेची लेन्स, मॅन्युअल फोकस, प्रोफेशनल दर्जा.’ एसएलआर म्हणजे लेन्समधूनच बघून फोटो काढायचा कॅमेरा. किंमत ४,४९९ रुपये. वरचं नाव एका प्रसिद्ध जपानी कंपनीचंच वाटावं असं, एखाददुसरं अक्षर इकडचं तिकडे केलेलं.

बडोद्याच्या कामाटीबागेत आणि लक्ष्मी विलास राजवाड्याच्या बाहेर तिनं पूर्ण रोल काढला. डेव्हलप करायला तो मुंबईला पाठवावा लागला. स्कॅन आले तेव्हा चारही कोपरे अंधारलेले आणि पुसट होते, जवळची माणसं तर धूसरच. मग ती माझ्याकडे आली. ‘‘आत्या, मला फोकस करता येत नाहीये का गं?’’ या प्रश्नाचा मला फार राग आला, तिचा नाही, विकणाऱ्याचा. फसवली गेलेली मुलगी स्वतःलाच नापास करत होती.

रावपुऱ्यात वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे कॅमेरे माझ्या हाताखालून गेलेले आहेत. मी तिला लेन्सवर तळहात ठेवून डोळा लावायला सांगितलं. समोरची खिडकी लख्ख दिसली. एसएलआरमध्ये हे शक्यच नाही. त्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडतो, तिथून वर दुधी काचेवर, मग पंचकोनी लोलकातून डोळ्यापर्यंत. लेन्स झाकली की अंधार. इथे आरसा नव्हताच. वरचा उंचवटा नुसता पोकळ होता आणि त्यात आरपार बघायचं प्लास्टिकचं भोक. फोकसची रिंग फिरत होती, पण लेन्स जागची हलत नव्हती. ऊन आणि ढगाच्या चित्रांनी फक्त प्रकाश आत सोडणारं छिद्र लहानमोठं व्हायचं.

साध्या कॅमेऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्याच बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात आग्फा कंपनीचा क्लिक थ्री कॅमेरा बनायचा. १२० चा रोल, १२ चौकोनी फोटो, ठरलेला फोकस. कितीतरी घरांचे अल्बम त्याच्यावर भरले. तो स्वस्त होता आणि स्वस्त कॅमेरा म्हणूनच विकला जायचा. कुणी त्याला खोटा आरसा-लोलक चिकटवून एसएलआर म्हटलं नाही.

पुतणीनं विक्रेत्याला आधी कळवलं होतं की फोटो नीट येत नाहीत. उत्तर ठरलेलं होतं: कॅमेरा चालू आहे, रोल फिरतो, वापरण्याची पद्धत शिकून घ्या, शिवाय परत करण्याची मुदत संपली आहे. मुदत संपणारच. मोबाईलवर फोटो त्याच क्षणी दिसतो, फिल्मवर तो धुऊन येईपर्यंत दिवस निघून जातात, आणि असल्या विक्रेत्यांचं सगळं त्या दिवसांवरच चालतं.

इथे आम्ही तक्रारीची भाषा बदलली, आणि सगळं प्रकरण त्यामुळेच पुढे सरकलं असं मला वाटतं. ‘फोटो खराब येतात’ यावर वाद घालता येतो. ‘एसएलआर म्हणून विकलं, वस्तू एसएलआर नाही’ यावर घालता येत नाही. जाहिरातीच्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट काढले. त्यातला एकेक दावा लिहिला आणि प्रत्येकासमोर वस्तूत काय आहे ते लिहिलं. तळहाताच्या चाचणीचा व्हिडिओ केला. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता किंवा कुठल्या देशात बनला हे काहीच नव्हतं, त्याचाही फोटो घेतला. तोवर एकही स्क्रू काढला नाही, नाहीतर तुम्हीच उघडून बिघडवला म्हणायला ते मोकळे.

मग कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. व्हिडिओ चालू ठेवून त्यांनी तळ उघडला. आत लोखंडाची पट्टी स्क्रूनं बसवलेली होती, केवळ हातात जड लागावा म्हणून. ‘‘बेन, आमां तो कंई छे ज नहीं,’’ म्हणजे यात तर काहीच नाही, असं ते म्हणाले, आणि दोन परिच्छेदांचा दाखला सही करून दिला. पैसे घेतले नाहीत.

ही तक्रार आधी वेबसाइटकडे पाठवली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल. पोच आली, निकाल मात्र तोच जुना. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलं, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक मिळाला, तिथेही विक्रेता हलला नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. याची लोकांना उगाच भीती वाटते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. जानेवारी २०२५ पासून सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर सगळं भरता येतं. पुतणीनं तक्रार, प्रतिज्ञापत्र, बिल, स्क्रीनशॉट आणि दाखला स्वतः चढवले. मी फक्त शेजारी बसले होते.

आयोगाची नोटीस पोचली आणि विक्रेत्याचा फोन आला. पूर्ण पैसे देतो, तक्रार मागे घ्या. पुतणी म्हणाली, रोलचे आणि डेव्हलपिंगचे पैसेही द्या, आणि पानावरून ‘एसएलआर’ आणि ‘काचेची लेन्स’ हे शब्द काढा. माझी छाती अभिमानानं भरून आली. पैसे खात्यात आले, शब्द निघाले, ते दोघींनी पानावर जाऊन तपासलं, तेव्हाच आयोगात समझोत्याची पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली.

पण तोच कॅमेरा दुसऱ्या नावानं, दुसऱ्या विक्रेत्याकडे, त्याच दाव्यांसह विकला जातोय. तिथून आम्ही काही घेतलेलं नाही, म्हणून आयोगात जाता येत नाही. फसव्या जाहिरातीची तक्रार मात्र कुणालाही जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. त्या पानाचे स्क्रीनशॉट आणि कारागिराच्या दाखल्याची प्रत जोडून आम्ही कलेक्टर कचेरीत अर्ज दिला आहे. आवक नंबर पुतणीच्या वहीत आहे, आणि सोमवारी आम्ही पुन्हा चौकशीला जाणार आहोत.