नसलेल्या कॅपॅसिटरची नोटीस: माझा अनुभव

‘जादा कॅपॅसिटर काढून टाका आणि तसा अहवाल सादर करा’ अशी वीज कार्यालयाची नोटीस आली, तेव्हा आमच्या कारखान्यात एकही कॅपॅसिटर नव्हता. रात्री पीएफ (पॉवर फॅक्टर) लीडिंगला जात होता, म्हणजे कारखाना लाइनमध्ये उलट रिॲक्टिव्ह (मोटरींना चुंबकत्वासाठी लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी पॉवर) सोडत होता, हे मात्र खरं. सहसा हे जादा कॅपॅसिटरमुळे होतं; इथे तो नेत होती एअर कॉम्प्रेसरची सिंक्रोनस मोटर (सप्लायच्या फ्रिक्वेन्सीला जखडून एकाच वेगाने फिरणारी): २० पोल, ३०० आरपीएम.

कारण शोधायला वेळ लागला नाही. मीटरचा लोड सर्व्हे (ठरावीक मिनिटांनी होणाऱ्या नोंदी) मागवला (हे सगळ्यात आधी करा, बिलावरून रात्र-दिवस कळत नाही) आणि दिसलं, की दुसरी पाळी सुटली की लीड सुरू. या मोटरच्या रोटरला (फिरणाऱ्या भागाला) डीसी द्यावा लागतो. हा फील्ड करंट कमी असला की मोटर लाइनमधून रिॲक्टिव्ह ओढते, पीएफ लॅग. फील्ड वाढवत न्या, स्टेटरचा (स्थिर भागाचा, लाइनमधून येणारा) करंट उतरत जाऊन युनिटीला (पीएफ १) सगळ्यात कमी होतो. त्यापुढे तो पुन्हा चढतो, पण आता मोटर रिॲक्टिव्ह बाहेर देते, म्हणजे लीड. दिवसा ते हवंच असतं, बाकीच्या इंडक्शन मोटरी ते वापरतात. रात्री त्या बंद आणि फील्ड तेवढाच. शिवाय कॉम्प्रेसर अनलोड झाला, की त्याच फील्डवर मोटरचा पीएफ आणखी लीडला सरकतो.

हे सगळं लिहून दिलं. अर्ज परत आला. छापील नमुन्यात ‘बसवलेल्या कॅपॅसिटरची क्षमता’ असा रकाना होता आणि तिथे आम्ही शून्य लिहिलं होतं. “शून्य आहे तर लीड येतो कुठून?” टेबलावरचे साहेब विचारायचे. मोटरमुळे, असं सांगितलं की म्हणायचे, “मोटर कधी लीड देते का हो? मोटर म्हणजे लॅगच.” इंडक्शन मोटरपुरतं ते बरोबर आहे, पण समोर ठेवलेला व्ही-कर्व्ह (फील्डनुसार स्टेटरचा करंट कसा बदलतो त्याचा ‘व्ही’ आकाराचा आलेख) त्यांनी उलगडूनही पाहिला नाही. पुढच्या खेपेला कॅपॅसिटरचा टेस्ट रिपोर्ट मागितला! तिथेच कुणीतरी सुचवलं, एखादा आकडा टाका, ‘काढला’ म्हणून लिहून द्या, मिटेल. मी साफ नकार दिला. लीड पुढच्या महिन्यात पुन्हा दिसला असता आणि खोट्या अहवालावर सही माझी असती. त्या रकान्याचा राग अजून जात नाही.

शेवटी संयुक्त पाहणीची लेखी मागणी केली. टेस्टिंगच्या इंजिनिअर मॅडम आल्या, मीटरसमोर उभ्या राहिल्या. मी फील्डचा ऱ्होस्टॅट हळूहळू फिरवला. ॲमीटरचा काटा उतरला, थबकला, परत चढू लागला, आणि मीटरवर लॅगचा लीड झाला. “परत एकदा करा, आकडे लिहून घेते,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी अहवालात ‘सिंक्रोनस मोटरचं जादा एक्साइटेशन’ (म्हणजे जादा फील्ड) असं स्वच्छ लिहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

आता रात्री फील्ड उतरवतो. पण फार खाली नेऊ नका: पुल-आउट टॉर्क (वेग न सोडता मोटर पेलू शकते तो कमाल टॉर्क) कमी होतो आणि कॉम्प्रेसर लोडवर आला की मोटर सिंक्रोनिझममधून सुटते. आम्ही खालची मर्यादा पॅनेलवर लिहून ठेवली आहे. ऑटोमॅटिक पीएफ कंट्रोलर बसवणार असाल, तर त्याला सिग्नल मेन इनकमरच्या (कारखान्याच्या मुख्य जोडणीच्या) सीटीवरून (करंट ट्रान्सफॉर्मर) द्या. मोटरच्या सीटीवरून दिला तर तो फक्त मोटरचाच पीएफ सांभाळतो. आणि हो, पाहणीच्या अर्जावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.