आरोग्यशिक्षणाचे धोरण आणि पालकांची तीन मिनिटे

आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, आरोग्यशिक्षण धोरणाचा सुधारित मसुदा तिच्या निवडून आलेल्या बोर्डापुढे पहिल्या वाचनासाठी, म्हणजे मंजुरीआधीच्या चर्चेसाठी, आला असून, कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत त्यावर जोरदार चर्चा सुरू आहे. ती वाचताना जाणवते ते असे की, पालक ज्या मुद्द्यांवर पोटतिडकीने बोलत आहेत त्यांपैकी बहुतेक बोर्डाच्या अखत्यारीतच नाहीत आणि जे आहेत त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नाही.

कॅलिफोर्नियाचा हेल्दी युथ अ‍ॅक्ट २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार लैंगिक आरोग्याचे आणि एचआयव्ही प्रतिबंधाचे शिक्षण मिडल स्कूलमध्ये (सातवी-आठवीत) किमान एकदा व हायस्कूलमध्ये किमान एकदा द्यावेच लागते, ते वैद्यकीयदृष्ट्या अचूक असावे लागते आणि केवळ संयमाचा उपदेश करून त्यात भागत नाही. पाल्याला या तासांना बसवायचे नसेल तर पालकांनी तसे लेखी कळवायचे असते. ‘आधी आमची संमती घ्या, मगच शिकवा’ अशी अट मात्र डिस्ट्रिक्टला घालता येत नाही. बोर्डाच्या सभेत नेमकी हीच मागणी पुनःपुन्हा होते आणि प्रत्येक वक्त्याला मिळणारी तीन मिनिटे, गर्दी असल्यास त्याहूनही कमी, तिच्यातच संपतात. प्रजननाचा धडा ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडून देणाऱ्या शाळांत आपल्यापैकी अनेक जण शिकले आहेत, त्यामुळे ही धास्ती मला समजते. पण बोर्डाचे सदस्य ती ऐकून घेण्यापलीकडे काही करू शकत नाहीत.

सहावीपर्यंतच्या इयत्तांचे तसे नाही. तिथे हे शिक्षण द्यायचे की नाही हे डिस्ट्रिक्टने ठरवायचे असते, आणि म्हणूनच २०१८ मध्ये बे एरियातल्याच फ्रिमाँटच्या बोर्डाने पालकांच्या विरोधानंतर चौथी ते सहावीचे लैंगिक शिक्षण पुढील वर्षासाठी थांबवले. पाचवीतच पाळी सुरू होणाऱ्या मुली कमी नसताना घेतलेला तो निर्णय मला पटलेला नाही. तरीही पालकांच्या म्हणण्याला खरे वजन कुठे असते, हे त्यावरून स्पष्ट दिसते.

मसुद्यात वगळलेले शब्द खोडलेले आणि नवे शब्द अधोरेखित केलेले आहेत, त्यामुळे बदल शोधणे अवघड नाही. शिकवण्याचे साहित्य पालकांना पाहता येईल, असे एक वाक्य त्यात आहे. हा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. प्रश्न आहे तो ते साहित्य कुठे आणि कधी पाहता येईल याचा, कारण डिस्ट्रिक्टच्या कचेरीत कामाच्या वेळेत ठेवलेली फाईल नोकरदार पालकाच्या काय कामाची? असे तपशील धोरणात नसतात, ते सुपरिंटेंडंटच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, नियमावलीत जातात, आणि ती अनेक ठिकाणी मतदानाला येतच नाही. तपशील बांधून घ्यायचा असेल तर तो धोरणाच्या मजकुरातच घालायला सांगावे लागते.

पालकांना पाठवायच्या पत्राचेही तेच आहे. शाळेतल्या किमान १५ टक्के विद्यार्थ्यांची मातृभाषा एकच असेल, तर त्या भाषेत सूचना पाठवणे राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. मराठी कुटुंबे त्या आकड्याच्या जवळपासही नसतात, आणि आपले मराठीवाचून अडतही नाही. पण ज्या घरांचे अडते, त्यांच्या भाषा १५ टक्क्यांखाली राहिल्या तर मुलाला तासातून वगळण्याची मुभा आहे हेच त्यांना कळणार नाही. त्याहून कमी प्रमाणातही भाषांतर देण्यापासून डिस्ट्रिक्टला कोणी अडवलेले नाही.

नियमित सभेची विषयपत्रिका ब्राउन अ‍ॅक्टनुसार, म्हणजे स्थानिक संस्थांच्या सभा खुल्या ठेवणाऱ्या राज्याच्या कायद्यानुसार, किमान ७२ तास आधी लावावी लागते, म्हणजे दुसरे वाचन कधी आहे हे निदान तीन दिवस आधी कळते. माझा लेखी अभिप्राय मात्र मी आधीच पाठवला आहे. साहित्य संध्याकाळी शहराच्या वाचनालयात पाहायला ठेवावे आणि मागणी करणाऱ्या कुटुंबाला पत्र त्याच्या भाषेत मिळावे, अशी दोन वाक्ये धोरणात घालावीत, एवढेच त्यात मागितले आहे.