फेसाखालची रेघ

बिअरच्या पेल्यातला फेस हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या संशयाचा विषय राहिला आहे. परमिट रूममध्ये बसलेला गृहस्थ पेला तिरका धरतो, बाटलीचे तोंड त्याच्या काठाला टेकवतो आणि फेस शक्यतो होऊच नये अशा बेताने बिअर ओततो. नळाची बिअर मागवली आणि वर तीन बोटे फेस आला, तर तेवढ्या जागेचे पैसे पाण्यात गेले असे त्याला वाटते. प्रागमध्ये छोट्या कारखान्यांच्या बिअर चाखवणाऱ्या एका कार्यक्रमाला आम्ही पती-पत्नी गेलो, तेव्हा चव वगैरे गोष्टी पुढे आल्या. आधी हा समज निकालात निघाला.

कार्यक्रम जुन्या शहरातल्या एका तळघरात होता. तेराव्या शतकात पुराच्या धास्तीने या भागात भर घालून जमिनीची पातळी उंचावण्यात आली, त्यामुळे त्या काळातल्या अनेक घरांचे तळमजले आज तळघरे होऊन बसले आहेत. दगडी कमानीखाली लांब बाक, बाकांवर आम्ही आठ-दहा परदेशी माणसे आणि समोर एक चेक तरुणी, अशी ती बैठक होती. ती इंग्रजी फार चांगले बोलत होती, पण उगाच हसत नव्हती. पर्यटकांना रिझवण्यापेक्षा त्यांना काहीतरी नीट कळावे अशी तिची इच्छा दिसत होती. तिने पहिल्यांदा प्रत्येकाच्या हातात रिकामा पेला दिला आणि त्यावरची बारीक रेघ शोधायला सांगितली. अर्ध्या लिटरची खूण काठाच्या बरीच खाली होती. बिअर या रेघेपर्यंत यायला हवी आणि फेस तिच्या वर, म्हणजे मापात काही कमी होत नाही, असे तिने समजावले. फेसासाठी जागा राखूनच जिथे पेला घडवला जातो, तिथे गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातला निम्मा अविश्वास कारागिराने आधीच मिटवलेला असतो.

त्यानंतर तिने आम्हाला नळापाशी नेले. चेक नळाची मूठ पुढे ओढायची नसते, ती बाजूला वळवायची असते, आणि आतल्या गोल झडपेमुळे ती किती वळवली यावर धारेचा जोर ठरतो. पेला आधी थंड पाण्याने विसळायचा. मग थोडीशी वळवलेली मूठ घट्ट, ओलसर, सायीसारखा फेस देते, आणि नळाचे तोंड त्या फेसात बुडवून मूठ पूर्ण उघडली की खालून बिअर भरत जाते व फेस वर उचलला जातो. म्हणजे आपण ज्याला वरचा थर समजतो तो पेल्यात सर्वांत आधी आलेला असतो. हा फेस बिअरला हवेपासून राखतो, तिचा गंध धरून ठेवतो आणि त्यातून आलेला घोट जिभेला मऊ लागतो. जवातली प्रथिने आणि हॉप्स या वेलीच्या फुलांमधली कडू द्रव्ये मिळून तो तगून राहतो, पण तेलकटपणा त्याला मुळीच सोसत नाही. ओठांना रंग लावून आलेल्या एका पाहुणीच्या पेल्यातला फेस तिच्या बाजूने पाहता पाहता बसला, आणि मार्गदर्शिकेने तो पेला सर्वांना दाखवण्याची संधी सोडली नाही.

तीन बोटे फेसाच्या नेहमीच्या पेल्याला ह्लादिंका म्हणतात. फेस अधिक आणि बिअर कमी असा पेला म्हणजे श्नित, आणि जवळजवळ सगळा फेसच असलेला म्हणजे म्लीको, म्हणजे चक्क दूध. हे दूध फेस विरण्याआधी भराभर प्यायचे असते आणि ते खरोखरच गोडसर लागते. एकाच नळातून, एकाच पिंपातून आलेले हे तीन पेले तीन वेगळ्या बिअर वाटाव्यात इतके निराळे होते. त्या संध्याकाळी मला सर्वांत अधिक शिकवले ते याच प्रयोगाने, आणि तो कार्यक्रमात केवळ दहा मिनिटे होता याची मला आजही चुटपुट वाटते.

मग वाट्या फिरल्या. एका वाटीत माल्ट होते, म्हणजे भिजवून मोड आणलेले आणि वाळवून भाजलेले जव, आणि ते दाताखाली फोडून पाहायचे होते. माझ्या पत्नीने दोन दाणे चघळले आणि ती माझ्याकडे वळली. “अहो, हे तर आपलं नाचणीचं सत्त्व!” तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजायची आणि दळायची, हा बाळाच्या पहिल्या खाण्याचा उपचार आणि बिअरचा पहिला उपचार एकच आहे, कारण दोन्हीकडे काम मोडाचेच असते. दाणा अंकुरताना त्यात जी पाचकद्रव्ये तयार होतात, ती पिठूळ भागाची साखर करतात. बाळाला ते पचायला हलके जाते आणि यीस्टला खायला मिळते. पत्नीने हे मार्गदर्शिकेला सांगितले, तेव्हा त्या मुलीने नाचणी म्हणजे काय, ती कशी दिसते, तिचा रंग कसा असतो, असे इतके प्रश्न विचारले की पाच मिनिटे उलट तिलाच मार्गदर्शन चालू होते.

दुसऱ्या वाटीत हॉप्सची वाळलेली फुले होती, कागदासारखी हलकी आणि फिकट हिरवी. ती तळहातावर चोळून नाकाशी न्यायची. प्रागच्या वायव्येला असलेल्या झातेत्स गावाच्या परिसरात या वेली उंच तारांवर चढवतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांची फुले उतरवतात. तो सारा परिसर, त्यातली हॉप्स वाळवण्याची जुनी घरे आणि कोठारे यांसह, २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. झातेत्सच्या हॉप्समध्ये कडवटपणा बेताचा आणि सुगंध मात्र नाजूक, गवताच्या आणि मसाल्याच्या मधला असा असतो. समाजवादी राजवटीत शाळा-कॉलेजच्या मुलांना ही फुले तोडायला नेत असत, आणि आपल्या आईला तिथल्या चिकट हातांची आठवण अजून आहे, असे मार्गदर्शिका म्हणाली.

इतके झाल्यावर पहिली बिअर आली. तिला देसीत्का म्हणतात, म्हणजे दहाची. तिच्यानंतर द्वानात्स्का, म्हणजे बाराची. भारतीय माणूस हे आकडे ऐकून दचकतो, कारण आपल्या बाटल्यांवर आठ टक्के वाचले तरी ती स्ट्राँग ठरते. मात्र हे अंश मद्यार्काचे नव्हेत. आंबवण्यापूर्वीच्या गोड काढ्यात शंभर ग्रॅमला किती ग्रॅम विरघळलेला ऐवज आहे ते हा आकडा सांगतो, आणि बाराच्या बिअरमध्ये मद्यार्क साधारण पाच टक्के, तर दहाच्या बिअरमध्ये चारच्या आसपास असतो. ही मोजणी प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ कार्ल योसेफ नेपोलियन बॅलिंग यांनी १८४०च्या दशकात बसवून दिली. असे भारदस्त नाव लाभूनही माणूस साखर मोजत बसला, याचे मला कौतुक वाटले. त्यांच्याही आधी फ्रांटिशेक ओन्द्रेय पोउप्ये (१७५३–१८०५) या बिअरकाराने या धंद्यात तापमापक आणि घनतामापक यांचा आग्रह धरला होता.

गंमत अशी की तापमापकाचा आग्रह जिथे इतक्या लवकर धरला गेला, तिथेच तापमापक नसतानाची युक्ती आजही जपलेली आहे. भिजवलेल्या माल्टचा ठरावीक वाटा बाहेर काढून उकळायचा आणि तो परत मूळ पिंपात ओतायचा; उकळत्या पाण्याचे तापमान ठरलेले असल्याने, किती वाटा काढला यावर सगळ्या मिश्रणाची ऊब अचूक वाढते. ज्या काळात बोट बुडवण्यापलीकडे साधन नव्हते, त्या काळी ही शहाणपणाची गोष्ट होती. आज तिची गरज उरलेली नाही, तिला वेळ आणि इंधन अधिक लागते, तरीही प्लझेन या चेक शहराच्या प्रसिद्ध बिअरसाठी हा फेरा तीन वेळा करतात, कारण त्या उकळण्यातून उतरणारी भाजल्यासारखी गोडी आणि भरीवपणा दुसऱ्या मार्गाने तितका साधत नाही. बाराच्या बिअरचा घोट घेतल्यावर कडवटपणाच्या मागून जी पावाच्या कडेसारखी चव आली, ती याच फेऱ्यांची, असे मार्गदर्शिकेने सांगितले, आणि ती आधी सांगितली नसती तरी जाणवली असती असे मला वाटते.

प्लझेनची कथा अशा प्रत्येक कार्यक्रमात सांगितली जात असणार, आणि ती आहेही सांगण्यासारखी. १८३८ मध्ये तिथल्या नागरिकांनी नासक्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली. मग बिअर पाडण्याचा हक्क असलेल्या नगरवासीयांनी मिळून नवा कारखाना उभारला, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाच्या तरुण बिअरकाराला बोलावले आणि १८४२च्या ऑक्टोबरमध्ये त्याने पहिला घाणा काढला. फिकट भाजलेले माल्ट, प्लझेनचे मृदू पाणी, झातेत्सचे हॉप्स आणि थंडाव्यात तळाशी बसून हळूहळू काम करणारे बव्हेरियन यीस्ट, या चौघांची गाठ पडून जी सोनेरी बिअर निघाली तिचीच नक्कल जगातल्या बहुसंख्य बिअर आजतागायत करत आहेत. आपल्याकडच्या कित्येक बाटल्यांवर पिल्सनर हा शब्द असतो, त्याचे गाव हे.

पुढचा इतिहास कमी उजळ आहे. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यानंतर कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, कित्येक छोटे कारखाने बंद पडले. त्या काळाची एक वेगळी खूण म्हणजे, राजवटीचे विरोधक नाटककार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वाक्लाव हावेल यांना १९७४ मध्ये त्रुत्नोवच्या बिअर कारखान्यात पिंपे ढकलण्याचे काम करावे लागले होते. ही राजवट उलथवणाऱ्या १९८९च्या क्रांतीनंतर छोटे कारखाने पुन्हा डोके वर काढू लागले आणि आज त्यांची संख्या ५००च्या आसपास आहे. प्रागजवळच्या उन्येतित्से गावातला बंद पडलेला जुना कारखाना २०११ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याच वर्षी प्रागमधल्या ब्रेव्हनोवच्या मठात, ज्याची स्थापना ९९३ मधली आहे, पुन्हा बिअर होऊ लागली. यांतल्या अनेकांचे वैशिष्ट्य हे की त्यांनी नवलाईच्या मागे न धावता तीच दहाची आणि बाराची बिअर अधिक निगुतीने, बहुधा न गाळता, करण्यात आपली कारागिरी मानली. अमेरिकी हॉप्स घातलेली, आंब्या-संत्र्याचा वास येणारी बिअरही आम्हाला मिळाली. आमच्या शेजारी बसलेल्या तरुण डॅनिश जोडप्याला ती फार आवडली. मला ती प्रागला येऊन प्यावी अशी वाटली नाही. शेवटची काळी बिअर मात्र दाट दिसूनही हलकी होती, आणि प्रागमध्ये १४९९ पासून चालत आलेल्या उ फ्लेकू या पानगृहात तेराची काळी बिअर मिळते, ती या घराण्यातली थोरली, अशी तिची ओळख करून देण्यात आली. पत्नीने ती अर्धी पिऊन माझ्याकडे सरकवली. “तुम्हीच घ्या, मला कॉफीच बरी,” हा तिचा अभिप्राय मार्गदर्शिकेने नम्रपणे ऐकून घेतला.

सोबत चकणा म्हणून तेलात लसूण आणि मिरचीसह मुरवलेले मऊ चीज आणि पाव होता. तो उत्तम होता. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही, कारण तो फार लवकर संपला.

चाखण्याच्या या पद्धतीविषयीच माझ्या मनात थोडी शंका राहिली. वाइन चाखणारे घोट तोंडात घोळवून थुंकतात. बिअर गिळावीच लागते, कारण तिचा कडवटपणा घोट उतरल्यावर उमगतो. म्हणजे बिअर चाखणे हे पिण्यापासून पूर्ण वेगळे काढताच येत नाही. त्यात चेक बिअरचा गुण असा की ती पहिल्या घोटाला थक्क करत नाही. तिच्यात साखरेचा थोडा अंश मुद्दाम न आंबवता राखलेला असतो आणि त्यावर कडवटपणा बेतलेला असतो. गोडी बोलावते आणि कडवटपणा जीभ कोरडी करून पुढच्या घोटाची इच्छा मागे ठेवतो. ही इच्छा निर्माण व्हायला निदान अर्धा पेला पोटात जावा लागतो. इथे तर प्रत्येक बिअर चार घोटांची, आणि चौथ्या घोटापर्यंत पुढची समोर येऊन उभी. ज्या बिअरकडे लक्ष न देता दोन तास गप्पा मारता याव्यात म्हणून इतकी मेहनत घेतली जाते, तिच्याकडे डोळे मिटून लक्ष द्यायला आम्हाला सांगितले जात होते. दरडोई बिअर पिण्यात हा देश गेली तीन दशके जगात पहिला आहे, ते अशा इवल्याशा पेल्यांच्या जोरावर नव्हे.

हे मी मार्गदर्शिकेला विचारलेच. तिने वाद घातला नाही. “म्हणूनच मी शेवटी कुणालाही सहावी बिअर देत नाही,” ती म्हणाली. “इथून दोन गल्ल्या पुढे जा, पाटीवर परदेशी भाषा नसलेलं दुकान बघा आणि फक्त दहाची प्या.” आम्ही तसेच केले. तिथल्या वाढप्याने काही न विचारता पेले ठेवले, कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने रेघा ओढल्या, आणि पेला संपत आला की दुसरा आणून ठेवला. नको असेल तर पेल्यावर खालचा पुठ्ठा झाकून ठेवायचा, एवढाच तिथला शिष्टाचार होता. पत्नीने पहिल्याच पेल्यावर पुठ्ठा ठेवला, मी थोडा उशिरा ठेवला.

तरीही त्या तळघरातला तास वाया गेला असे मी म्हणणार नाही, कारण पेल्यातली रेघ, बाजूला वळणारी मूठ आणि दाताखालचे जव हे सगळे ठाऊक नसते, तर त्या दुकानात मी केवळ थंड बिअर प्यायलो असतो. मात्र असा कार्यक्रम आखणे माझ्या हाती असते, तर मी पाच कारखान्यांच्या पाच बिअर मुळीच ठेवल्या नसत्या. एकाच कारखान्याची दहाची बिअर ह्लादिंका, श्नित आणि म्लीको अशा तिन्ही तऱ्हांनी ओतून दिली असती, त्यानंतर तीच पुन्हा एकदा, या वेळी मोठ्या पेल्यात, आणि तेवढ्या वेळात मार्गदर्शिकेला बिअरखेरीज कशावरही बोलण्याची मोकळीक दिली असती.