वाळल्यावर बघू

दुपारी दीडनंतर फोंड्यात कोणी कोणाला फोन करत नाही. दुकानांची शटरं खाली, छापखाना साडेतीनशिवाय उघडायचा नाही, पोटात हुमण-शीत आणि डोळ्यांवर झापड. नेमक्या अशा वेळी नाट्यमंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला : ‘कव्हर एकदम छान. फक्त रंग बदला.’

फक्त!

मंडळाच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका. तिच्या कव्हरचं काम माझ्याकडे आलं, कारण मी ‘कंप्युटरवर ते करते’. अध्यक्षांना भगवा हवा, त्याशिवाय शोभा नाही. सचिवांना ‘उठाव’ हवा. उठाव म्हणजे काय हे मी अजून कोणाकडून काढून घेऊ शकलेले नाही. आणि एका काकांना वाटतं की गोव्याची स्मरणिका म्हटल्यावर निळा समुद्र आणि माड आलेच पाहिजेत.

या निळ्याशी माझं जुनं वैर आहे. गोवा म्हटलं की पिरोजी निळा, माडाचा पोपटी आणि वाळूचा फिकट पिवळा : हॉटेलाच्या पाटीपासून काजूच्या पाकिटापर्यंत तेच तीन रंग. आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. दिसतात ते चिरे. उन्हाळ्यात तांबडे आणि जुलैत शेवाळ धरून काळे पडलेले. बरं, जुलैत समुद्र तरी कुठे निळा असतो? किनाऱ्यावर जाऊन बघा, चहात दूध कमी पडल्यासारखा दिसतो. मांडवी तर त्या दिवसांत सरळ मातीच वाहून नेत असते. पण तो रंग पाकिटावर कोण छापणार?

पडद्यावर रंगांची पेटी उघडली की माझी मती गुंग होते. तांबडा, हिरवा, निळा असे तीनच दिवे, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. गुणाकार केला की १,६७,७७,२१६ रंग. त्यातून मला तीन निवडायचे असतात. साठ-तीस-दहाचा नियम आहे म्हणतात : एक रंग भरपूर, दुसरा त्याच्या निम्मा, तिसरा चिमूटभर. आमच्या आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण तिच्या लुगड्यांचं अंग, काठ आणि चोळी याच हिशेबात असत.

आजीच्या घरी रंगांचा प्रश्नच नव्हता. पाऊस सरला की दिवाळीच्या आधी रंगारी यायचा. रंगारी कसला, एरवी तो नारळ पाडायचा. अंगणाच्या कडेला जुना पिंप ठेवून त्यात भाजलेल्या शिंपल्यांचा चुना टाकायचे आणि वर पाणी. मग तो पिंप खालून जाळ नसताना रटरट उकळायला लागायचा. आम्हा पोरांना खळ्याच्या पलीकडे उभं करत. डोळ्यांत उडाला तर डोळे जातील, असं दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी आम्ही एकेक पाऊल पुढे सरकत असू. चुना निवला, गाळून झाला की आजी स्वतः नीळ घालायची. फडक्यात बांधलेली नीळ पाण्यात दोनदा बुडवायची, ढवळायची आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर एक फटकारा मारायला लावायची. ओला चुना दिसतो मळकट, भिंत आरपार दिसते त्यातून. आई लगेच म्हणायची, ‘नीळ कमी पडली.’ आजी म्हणायची, ‘वाळू दे, मागीर बोल.’ आणि खरंच, ऊन चढेपर्यंत तो फटकारा असा पांढरा पडायचा की त्याच्याकडे बघवत नसे.

खाली हातभर उंचीपर्यंत मात्र काव. अंगणातली तांबडी माती पावसात भिंतीवर उडते, तिथे पांढरा ठेवून कोणाचं भलं होणार? मातीचाच रंग लावला की मातीचं भांडण संपलं. दोन रंग, एक घर. याच दोन रंगांवर आमच्याकडच्या जुन्या देवळांतली कावी कला उभी आहे. पांढऱ्या चुन्यावर कावेचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा वर आणायचा. वेली, हत्ती, द्वारपाल, सगळं त्या दोनांत. आता काही देवळांत त्याच्यावर चकचकीत ऑइलपेंट मारलाय. गुलाबी. त्याबद्दल बोलायला लागले तर हा लेख संपायचा नाही.

पणजीत फोंतेन्यशमध्ये उलटा प्रकार. पांढरा रंग फक्त चर्चचा, घरांनी दुसरा लावायचा, असा पोर्तुगीज काळातला दंडक होता असं सांगतात. म्हणून घरं पिवळी, निळी, कावेच्या रंगाची आणि पांढरा उरला फक्त खिडक्यांच्या चौकटींना. पर्यटक मुली आता तिथे ड्रेसला जुळणारी भिंत शोधत फिरतात. दंडकातून रंगसंगती चांगली निघते, माझं मत. मला कोणी दंडक घालत नाही हीच अडचण. फक्त ‘उठाव’ मागतात.

साडेतीनला छापखान्यात गेले. पडद्यावर पेटल्यासारखा दिसणारा माझा केशरी कागदावर आजाऱ्यासारखा पडला होता. पडदा उजेड मिसळतो, छापखाना शाई. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. तिथल्या भिंगातून पाहिलं तर केशरी नावाचं काही नव्हतंच, नुसते पिवळे आणि किरमिजी ठिपके शेजारी शेजारी बसलेले. मशीनवाला म्हणाला, ‘बाय, शाई सुकूं दी. मागीर बघ.’ हा माणूस माझ्या आजीला कधी भेटला नसणार.

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक. तीन नमुने मांडले : अध्यक्षांचा भगवा, हिरव्यावर तांबडी अक्षरं असलेला सचिवांचा ‘उठाव’ आणि माझा, पांढऱ्यावर काव. समुद्रवाले काका आले नव्हते. अर्धा तास घमासान झालं. खजिनदार नेहमीसारखे गप्प. मी विचारलं तेव्हा त्यांनी सचिवांचा नमुना उचलला, ट्यूबलाइटखाली धरला आणि हळूच म्हणाले, ‘हांगा अक्षरां आसात?’

सगळे हसले. ते नाही हसले. हिरवा आणि तांबडा त्यांना लहानपणापासून एकच. पिकलेली मिरची तोडायला घरात त्यांना कोणी पाठवत नसे म्हणे. पुरुषांत हे बरंच आढळतं, आईकडून मुलाकडे येतं. इतकी वर्षं या माणसासमोर आम्ही जत्रेच्या नाटकांची पोस्टरं नाचवली, तांबड्या-हिरव्यातली, आणि त्यांनी प्रत्येक वेळी मान डोलवून छपाईचं बिल चुकतं केलं.

कावेचा नमुना त्यांनी सरळ वाचून दाखवला. मुखपृष्ठाचं नाव, वर्ष, सगळं. तो त्यांना कसा दिसला हे विचारणार होते, पण तेवढ्यात मागच्या पानाच्या जाहिरातीचा दर किती ठेवायचा यावरून जुंपली आणि रंगाचं पुन्हा कोणी नावच काढलं नाही.