म्हापशाचे तीन तुकडे

फोंड्याकडच्या एका देवस्थानाच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर आमचं पणजीचं ऑफिस सांभाळतं. अभिषेक, नैवेद्य, जत्रेची वर्गणी, सगळ्या नोंदी मराठीत. जत्रेच्या तोंडावर तिथल्या हिशेबनीस काकांचा फोन आला. "अहो, रक्कम घातली की चौकट लाल होते. तेच आकडे एक्सेलमधून चढवले की मुकाट जातात. मी खरं कुठलं धरू?"

काका मराठी कीबोर्ड वापरतात, त्यामुळे रक्कम '५०१' अशी देवनागरीत उमटते. फॉर्मची तपासणी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट करते, एक्सेलची फाइल सर्व्हरवर पायथॉन वाचतो. दोन्हीकडचे रेजेक्स, म्हणजे मजकूर कसा असावा ते सांगणारे खुणांचे पॅटर्न, उघडून बघितले, तर खुणेला खूण सारखी: बॅकस्लॅश-डी आणि पुढे प्लस, म्हणजे एक किंवा जास्त अंक. पण जावास्क्रिप्टच्या लेखी बॅकस्लॅश-डी म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. पायथॉन ३ मात्र मजकुरात कुठल्याही लिपीतला दशमान अंक चालवून घेतो. इतरांपैकी जावा ही भाषा आपणहून जावास्क्रिप्टच्या बाजूची, मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट पायथॉनच्या. नियमाने कुणीच चुकत नव्हतं आणि काकांची पावती मात्र अडकली होती.

एवढंच असतं तर दुपारपर्यंत उरकलं असतं. पण काकांची आणखी एक जुनी तक्रार होती: देवस्थानाच्या सभासद-भक्तांच्या, म्हणजे महाजन-कुळाव्यांच्या यादीत गावावरून शोधलं की धड काही सापडत नाही. पत्त्यातले शब्द सुटे करायला पायथॉनमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे 'शब्दातलं अक्षर' अशी खूण, वापरलेली होती. मी त्यात 'म्हापसा' घालून पाहिलं. समोर आलं: म, ह, पस. 'फोंडा' घातलं तर फ आणि ड.

पायथॉनचं अंगभूत रेजेक्स मॉड्यूल अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर यांनाच शब्दाचा भाग मानतं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणकात, अक्षरांच्या वर्गात नाहीत, जोडचिन्हांच्या वर्गात आहेत. त्यामुळे प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तुटतो. इंग्रजी मजकुरावर कितीही चाचण्या घ्या, हा दोष दिसणारच नाही. मला याचा मनापासून राग येतो. काना-मात्रा काढल्यावर मराठी शब्दात उरतं काय?

शोधाची सेवा गो भाषेत आहे. तिथे बॅकस्लॅश-डब्ल्यू देवनागरीला हातच लावत नाही. अक्षर आणि जोडचिन्ह हे युनिकोड वर्ग बॅकस्लॅश-पी लावून मागितले, तर गोने ते बिनतक्रार घेतले. पायथॉनच्या अंगभूत मॉड्यूलने तिथल्या तिथे एरर दिली. जावास्क्रिप्टने घातक प्रकार केला: पॅटर्नला यू फ्लॅग, म्हणजे युनिकोड चालू करणारी खूण, लावलेली नसेल तर ती या खुणेचा अर्थ शब्दशः 'पी' हे इंग्रजी अक्षर आणि पुढे महिरपी कंस असा घेते. एरर नाही, इशारा नाही, फक्त काहीही जुळत नाही. अशा गप्प बसणाऱ्या फरकापेक्षा तोंडावर नकार केव्हाही बरा.

तसा नकार गोने लगेच दिलाही. पावती क्रमांकाच्या पॅटर्नमध्ये 'पुढे तिरपी रेघ नसेल तरच घे' अशी अट होती, म्हणजे लुकअहेड. गोमध्ये तो नाहीच. पर्ल भाषेच्या वळणाची रेजेक्स इंजिनं जुळलं नाही की मागे येऊन दुसरी वाट धरतात, त्यात एखादा पॅटर्न सर्व्हर गुदमरवू शकतो. गोचं इंजिन संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९६८ साली मांडलेल्या पद्धतीच्या वळणाचं आहे: मजकूर जितका लांब, तितक्याच प्रमाणात वेळ, ही हमी. तिच्यासाठी लुकअहेड आणि बॅकरेफरन्स (आधी जुळलेला तुकडाच पुन्हा मागणं) दोन्ही सोडलेत. ती तपासणी मी पॅटर्नमधून काढून पुढच्या ओळीत साध्या कोडने केली.

बाकी ठिकाणी बॅकस्लॅशची लघुरूपं काढून टाकली. अंकांसाठी चौकटी कंसात दोन्ही लिप्यांचे शून्य ते नऊ स्पष्ट लिहिले, शब्दांसाठी युनिकोडचा देवनागरी पट्टा, ०९०० ते ०९७एफ. त्या पट्ट्यात दंड आणि अंकही येतात, ते वगळावे लागतात. पॅटर्न जुळला तरी काम संपत नाही: पायथॉन '५०१' चा आकडा करून देतो, जावास्क्रिप्ट 'ही संख्याच नाही' म्हणते, गो एरर देतं. म्हणून हिशेबात जाण्याआधीच अंक इंग्रजीत बदलून घेतले.

संध्याकाळी काकांनी फोनवरच पावती फाडून पाहिली. चौकट लाल झाली नाही. शोधात म्हापसा अख्खं आलं, पेडणे आलं, साखळी आली. जुन्या नोंदींची सूची मात्र नव्याने बांधावी लागणार होती, ती रात्री चालवायला लावून मी निघालो.