आपोआप वर जाणारा हात

मे महिन्यात नागपुरात माणसांपेक्षा कूलरला जास्त तहान लागते. नळाची धार बारीक झाली की बादल्यांशिवाय गत्यंतर नाही. दोन भरलेल्या बादल्या जिन्याने वर नेऊन टाकीत ओतल्या की हात काही क्षण आपले राहत नाहीत. हलके होऊन अंगापासून सुटू पाहतात.

याचा शुद्ध नमुना पाहायचा तर दाराच्या चौकटीत उभं राहावं. हात खाली सरळ ठेवून मनगटांची मागची बाजू चौकटीवर अर्धा-एक मिनिट जोरात दाबायची, मग बाहेर येऊन हात सैल सोडायचे. ते आपसूक वर निघतात. ऑस्कर कोनश्टाम नावाच्या जर्मन डॉक्टरने 1915 मध्ये हे नोंदवून ठेवलं. आमच्या भाच्याला करायला लावलं तर तो ओरडलाच, "मामा, म्या काहीच नाही केलं, हातच वर चालला ना बाप्पा!"

जोराच्या कामानंतर हात नुसता वर जातो असं नाही, तो कुठे आहे ही आपली जाणीवही जराशी चुकते. डोळे मिटूनही हात कुठे आहे हे आपल्याला कळतं, ते मुख्यतः स्नायूंमुळे. स्नायूच्या आत चातीच्या आकाराचे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू किती ताणला गेला, किती वेगाने, ही खबर ते मेंदूला देतात. पण त्यांच्या आतही आकुंचन पावणारे तंतू आहेत, त्यामुळे नुकतंच जोराचं काम झालं असेल तर त्यांचा ताण बदललेला असतो. कोपर त्याच कोनात, खबर मात्र वेगळी. जो गडी राबतो, हिशेबही तोच देतो. तेव्हा तो थोडा इकडेतिकडे होणारच. 1972 मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज या संशोधकांनी तर दंडाच्या स्नायूच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, सेकंदाला शंभरेक कंपनं देऊन पाहिलं. हात जागचा हलत नव्हता, पण माणसांना कोपर उलगडत चाललंय असं वाटत होतं. (असल्या कल्पना लोकांना सुचतात तरी कशा!)

थकव्याचं आणखी निराळं. दमलेल्या हाताला तेवढंच वजन उचलायला मेंदूला जास्त जोर लावायला सांगावं लागतं, आणि आपण तो जोरच वजन म्हणून मोजतो. बादल्यांनंतर पाण्याचा तांब्याही जड लागतो तो म्हणून.

मग आपल्याकडे लंबी रोटी करणाऱ्या बायांचं काय? सैल, लोचदार कणीक या हातावरून त्या हातावर, पार कोपरापर्यंत खेळवत त्या कापडासारखी पातळ करतात आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकतात. तोंडाने गिऱ्हाइकाशी बोलणं चालूच. दिवसभर राबलेल्या दंडांची खबर तर बिघडलेली असणार. मला वाटतं, कातडीवर सरकणारी कणीक आणि अधूनमधून फिरणारी नजर ती चूक तिथल्या तिथे सावरून घेत असावी. एकीला विचारलंच, डोळे मिटून जमेल का?

"जमन ना भाऊ, काऊन नाही जमनार? पन मडक्याचा चटका बसन तं दवा कोन आनन, तुमी?"