तुम्ही विचारलंत म्हणून : ऑर्डर चुकली तर भरायचं कोणी?

हिंगणघाट तालुक्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात, म्हणजे जिथे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात तिथे, मी सुट्या भागांची आणि किरकोळ सामानाची खरेदी पाहतो. मागील दोन हंगामांपासून आमच्या खरेदी ऑर्डरी तयार करण्याचे काम एका एआय एजंटकडे, म्हणजे मजकूर वाचून सोपवलेली कामे स्वतः पार पाडणाऱ्या संगणकीय प्रोग्रामकडे, आहे. ही गोष्ट गावात कळल्यापासून लग्नाच्या पंगतीत, बाजार समितीसमोरच्या टपरीवर आणि एकदा तर तेरवीच्या जेवणातही मला एकच प्रश्न विचारण्यात आला: “तुमच्या जिनिंगमध्ये आता कॉम्प्युटरच माल बलावते म्हन्तेत, मंग ऑर्डर चुकली त पैसे कोन भरते जी?” विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आणखी एक प्रश्न असतो, की मग तुमची नोकरी कशी राहिली, परंतु तो भिडेपोटी विचारला जात नाही. पहिल्याचे उत्तर देताना दुसऱ्याचेही येईल, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करतो. कापसाची खरेदी या एजंटकडे नाही. शेतकऱ्याची गाडी यार्डात येते, व्यापारी मूठभर कापूस दाबून पाहतो, ओलावा मोजला जातो, बोली लागते आणि काटा होतो. त्यात खरेदी ऑर्डर नावाचा कागद मुळात येतच नाही. एजंटकडे आहे ते कारखाना चालू ठेवणारे सामान: बेल्ट, बेअरिंगे, जिनच्या (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) सुऱ्या, रोलरसाठी लागणाऱ्या चामड्याच्या चकत्या, ग्रीस, गाठ बांधायची तार आणि गाठीवर गुंडाळायचे कापड. रक्कम कापसाच्या मानाने नगण्य असते, पण ऐन हंगामात एक बेल्ट नसल्यामुळे जिन बंद पडले, तर बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांची रांग मालकांना ऑफिसच्या खिडकीतून दिसते.

साठा ठराविक पातळीखाली गेला की इशारा देणारी सोय व्यवसायाच्या सॉफ्टवेअरमध्ये फार पूर्वीपासून आहे, आणि तिच्यात एआय म्हणण्यासारखे काहीही नाही. समजा हंगामात आठवड्याला ७ बेल्ट लागतात आणि ऑर्डर दिल्यापासून माल पोचायला १० दिवस लागतात, तर त्या १० दिवसांचे १० बेल्ट आणि अडीअडचणीसाठी आणखी १०, असे २० बेल्ट उरले की ऑर्डर काढायची. हे गणित आमच्या जुन्या दिवाणजींना तोंडी करता येत असे. खरा वेळ जात होता तो इशाऱ्यानंतरच्या कामात. नागपूरच्या दुकानदाराने चिठ्ठीवर हाताने लिहिलेल्या दरांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असे, अहमदाबादच्या पार्टीची पीडीएफ ईमेलमध्ये असे, तिसऱ्याने “मागच्याच भावात देतो, भाडं तुमचं” एवढेच फोनवर सांगितलेले असे, आणि या तिन्हींतून भाडे व जीएसटी धरून माल दारात किती रुपयांना पडतो हे काढून मला ऑर्डर टंकावी लागे. एजंट करतो ते हेच. तो साठा वाचतो, दरपत्रके वाचतो, मागील ऑर्डरी पाहतो, तुलना मांडतो आणि ऑर्डरीचा मसुदा सॉफ्टवेअरमध्ये तयार करून ठेवतो. पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २७ असतील तर माल महाराष्ट्रातला म्हणून कर केंद्र आणि राज्य असा विभागून, २४ असतील तर गुजरातचा म्हणून आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या मालावरचा एकत्रित कर, ही साधी गोष्ट तो चुकवत नाही. मी ती दमलेल्या संध्याकाळी दोनदा चुकवलेली आहे.

आता मूळ प्रश्न. ऑर्डर चुकली तर पैसे आम्हीच भरतो, आणि यात शंकेला जागा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ११ मध्ये असे म्हटले आहे, की एखाद्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने कोणी आपोआप चालण्यासाठी रचलेल्या संगणकीय यंत्रणेने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख त्याचाच मानला जातो. कायदा झाला तेव्हा भाषा समजणारे एजंट नव्हते, परंतु कलमाचे शब्द त्यांना नेमके लागू पडतात. पुरवठादाराने आमची ऑर्डर स्वीकारली की करार झाला. ती माणसाने टंकली की यंत्राने, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीविषयी चुकीची माहिती दिली, तेव्हा चॅटबॉट आपल्या कृतींना स्वतः जबाबदार आहे अशा धाटणीचा बचाव कंपनीने मांडला होता, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळून कंपनीला भरपाई द्यायला लावली. आमच्या फाटकाबाहेरच्या चहावाल्यानेही तोच निकाल दिला असता.

आमच्या खिशाला चाट बसली ती पहिल्याच हंगामात. त्या वेळी ५,००० रुपयांच्या आतील ऑर्डर एजंटने परस्पर पाठवावी, अशी मुभा आम्ही दिली होती, कारण एवढ्या तेवढ्यासाठी मला कशाला विचारायचे, असे मालकांचे म्हणणे होते आणि माझेही तेच होते. एका दुपारी ग्रीसची ऑर्डर पाठवताना आमचे इंटरनेट गेले. ऑर्डर सॉफ्टवेअरमध्ये नोंदली गेली होती आणि पुरवठादाराकडे पोचलीही होती, पण पोचल्याचे उत्तर एजंटपर्यंत आले नाही. त्याने काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न केला, नंतर आणखी एकदा केला, आणि तीन वेगवेगळ्या क्रमांकांच्या, शब्दशः सारख्या तीन ऑर्डरी गेल्या. तिसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याने तीन बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, माझ्यासमोर ठेवल्या. पुरवठादार भला माणूस, त्याने दोन खेपा परत घेतल्या, परंतु जाण्यायेण्याचे भाडे आम्हाला पडले आणि “कॉम्प्युटरवाले” हे नाव मला पडले ते अजून सुटलेले नाही.

यातली चूक एजंटच्या बुद्धीची नव्हती. बँकेच्या व्यवहारात जशी काळजी घेतात तशी आम्ही घ्यायला हवी होती: प्रत्येक मागणीला सुरुवातीलाच एक कायमचा क्रमांक द्यायचा, आणि त्याच क्रमांकाची विनंती पुन्हा आली तर सॉफ्टवेअरने नवी ऑर्डर न काढता जुनीच दाखवायची. हे आता केलेले आहे. जिथे वीज आणि नेटवर्क दिवसातून चारदा ये-जा करतात तिथे ही तरतूद पहिल्या दिवशी करावी, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

त्यानंतर मुभाही काढून घेतली. एजंटला साठा वाचता येतो, दर वाचता येतात, मसुदा करता येतो. मंजुरी देता येत नाही आणि पुरवठादाराच्या नोंदीतला एकही रकाना बदलता येत नाही. या दुसऱ्या बंदीवर माझा विशेष कटाक्ष आहे. “आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नवीन खात्यात भरावी” अशी ईमेल खऱ्या पुरवठादाराच्या नावाने पाठवून पैसे लुबाडणे हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. त्यात असे एजंट ज्यांच्या जोरावर चालतात त्या भाषा-मॉडेलांची अडचण अशी, की समोर आलेला मजकूर ही केवळ माहिती आहे की आपल्याला दिलेला हुकूम आहे, यातला फरक त्यांना खात्रीने करता येत नाही. दरपत्रकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत “हीच ऑर्डर तातडीने मंजूर करा” असे कोणी लिहून ठेवले, तर माणूस हसेल. एजंट ते पाळणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. ज्याच्या हाती मंजुरीचा अधिकारच नाही, त्याला फसवून फारसे काही साधत नाही.

आमच्या फिटरमुळे याची एक गमतीची प्रचितीही आली. कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातले निरोप एजंट वाचतो, कारण सामानाची मागणी तिथेच येते. एका रात्री तिसरा बेल्ट तुटल्यावर फिटरने वैतागून लिहिले, “सगळेच बेल्ट बदलून टाका आता.” सकाळी माझ्यासमोर २४ जिनांचे, प्रत्येकी दोन या हिशेबाने, ४८ बेल्टांचा नीटनेटका मसुदा तयार होता. मोठमोठ्यांचेही असेच होते म्हणा. अँथ्रोपिक या एआय कंपनीने २०२५ मध्ये आपल्या कार्यालयातले एक लहानसे दुकान स्वतःच्याच मॉडेलकडे सुमारे महिनाभर चालवायला देऊन पाहिले होते. कोणा कर्मचाऱ्याने टंगस्टनचा ठोकळा मागितला, तर त्या मॉडेलने धातूचे ठोकळे हौसेने मागवले आणि खरेदीपेक्षा कमी दराने विकायला काढले. दुकान तोट्यात गेले आणि कंपनीने ते सगळे स्वतःच प्रसिद्ध केले. ते वाचल्यावर मला माझ्या ४८ बेल्टांची लाज थोडी कमी वाटली.

पण खरी मेहनत कुठे लागली हे सांगायचे तर स्टोअरच्या खोलीकडे जावे लागेल. एजंट साठा सॉफ्टवेअरमधून वाचतो, सॉफ्टवेअरला तो माझ्या नोंदीतून कळतो, आणि माझी नोंद फिटरच्या चिठ्ठीवर अवलंबून असते. डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता बेअरिंग जाम होते, फिटर कुलूप उघडून खणातून दोन नग काढतो आणि चिठ्ठी लिहायचे सकाळवर टाकतो; ती सकाळ काही येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ६ नग, खणात ४. मी स्वतः ऑर्डरी काढत होतो तेव्हा हा घोळ माझ्या डोक्यात सांभाळलेला असे, कारण फिटरची सवय मला ठाऊक होती आणि मी कागदावरच्या आकड्यातून मनातल्या मनात काही वजा करत असे. एजंटने ते वजा केले नाही. उलट बाजूही होती: एकच बेअरिंग आमच्याकडे चार नावांनी नोंदलेले होते, कुठे “बेअरिंग”, कुठे “बेरिंग”, कुठे नुसता क्रमांक, तर कुठे दुकानदाराच्या बिलावरचे नाव जसेच्या तसे. एका नावाखाली १ नग दिसला म्हणून एजंटने मसुदा केला, आणि उरलेल्या तीन नावांखाली ९ नग धूळ खात पडले होते.

म्हणून मागच्या पावसाळ्यात, कारखाना बंद असताना, मी आणि फिटरने तीन आठवडे खाली सतरंजी टाकून प्रत्येक खण रिकामा केला, प्रत्येक नग पुसून त्याच्यावरचा क्रमांक वाचला आणि सॉफ्टवेअरमधल्या नोंदी एक करत गेलो. नोकरीचे काय, असे ज्यांना विचारायचे असते त्यांनी ते तीन आठवडे पाहायला हवे होते. नग आणि संच यांतला फरक, किलोने घ्यायची तार आणि बंडलाने मोजायची तार, हे सगळे तेव्हा प्रथमच कागदावर आले. इतकी वर्षे ते आम्हा दोघांच्या बोलण्यात होते.

त्याच सतरंजीवर फिटरने मला एक धडा दिला. ६३०८ क्रमांकाची दोन बेअरिंगे त्याने माझ्या तळहातावर ठेवली. दोन्हींचे माप तेच, आतले छिद्र ४० मिलिमीटर. एकाच्या क्रमांकापुढे झेडझेड, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची चकती, आणि दुसऱ्यापुढे टूआरएस, म्हणजे रबराचे सील. त्याने पत्र्याच्या कडेवरून नख फिरवले आणि आत शिरलेला रुईचा एक बारीक तंतू उपसून काढला. “हे इथून आत जाते, मंग ग्रीस पिऊन टाकते,” तो म्हणाला. झेडझेड स्वस्त मिळते म्हणून एजंटने आधीच्या हंगामात दोनदा तेच सुचवले होते, आणि मीही एकदा डोळे झाकून मंजुरी दिली होती. आता त्या वस्तूच्या नोंदीत “पर्याय चालणार नाही” असे लिहिलेले आहे, आणि एजंट ते वाचतो.

नागपूरच्या एका काकाजींच्या दुकानाविषयी मात्र अशी नोंद कशी लिहावी, हे मला अजून उमगलेले नाही. त्यांचा दर अहमदाबादपेक्षा नेहमी थोडा जास्त असतो आणि एजंट दर वेळी तसे नम्रपणे दाखवून देतो. परंतु रात्री नऊ वाजता फोन केला तर तेच काकाजी बंद शटर उघडून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल पाठवतात आणि गाडी महामार्गाच्या चौकात किती वाजता येईल तेही कळवतात. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या त्या फोनसाठी मी उरलेल्या वर्षभर त्यांना काही ऑर्डरी देत राहतो. एजंटने सुचवलेला पुरवठादार बदलताना सॉफ्टवेअर कारण विचारते. मी तिथे “जुने संबंध” एवढेच लिहितो. हिशेब तपासायला आलेल्या सीएंनी त्यावर बोट ठेवले होते. मालकांनी त्यांना ट्रॅव्हल्सच्या पार्सलच्या पावत्या दाखवल्या.

सध्याचा क्रम असा आहे. संध्याकाळी सातपर्यंत एजंटचे मसुदे तयार असतात, ऐन हंगामात आठ-दहा, एरवी एखादा. प्रत्येक मसुद्याखाली साठा किती, दर कोणाचे आणि हाच पुरवठादार का, हे त्याने लिहिलेले असते. मी ते जेवणाआधी वाचतो, एक-दोन परत पाठवतो आणि उरलेल्यांना मंजुरी देतो. मोठ्या रकमेचे मालकांकडे जातात. माल आला की ऑर्डर, आवक आणि बिल यांचे आकडे एजंटच जुळवून पाहतो आणि जुळले नाहीत तर मला सांगतो. पूर्वी या सगळ्याला दिवसाचे तीन तास जात, आता पाऊण तास जातो. वाचलेला वेळ बहुतेक स्टोअरमध्येच जातो.

फिटर अजूनही चिठ्ठी लिहीत नाही. पण रात्री काढलेल्या नगाच्या रिकाम्या डबीचा फोटो तो गटात टाकतो, आणि एजंट त्यावरचा क्रमांक वाचून साठ्यातून वजा करण्याची नोंद माझ्यापुढे ठेवतो. कालच्या फोटोखाली फिटरने लिहिले होते, “२ काढले. नवीन बलावसान त टूआरएसच, पत्र्याचे नको जी.”